विहिरीत कोण उतरलं होतं

माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात छापून आली तेव्हा मी वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून होतो आणि बोरगाव मेघेला भाड्याच्या खोलीत राहत होतो. ऐंशीनंतरची ती वर्षं. कथेच्या डोक्यावर माझा फोटोही होता, स्टुडिओत जाऊन मुद्दाम काढलेला. हनुवटीखाली मूठ, नजर लांब कुठेतरी. आयुष्यात मी तसा कधी बसलेलो नाही. पण लेखक म्हटला की असंच बसावं लागतं अशी माझी समजूत होती. फोटोवाल्याचीही तीच होती, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

एक अंक संपादकांनी पाठवला, चार मी विकत घेतले आणि दिवाळीला एसटीनं रोहण्याला गेलो. रोहणा माझं गाव. थोरला भाऊ शेती बघायचा, मी नोकरीवाला. एक अंक भावाला दिला, एक शाळेत, एक पानठेल्यावर ठेवला आणि एक माझ्या मित्राच्या हातात दिला. पाचवा उशाशी घेऊन झोपलो. पुढचं सगळं रामायण या वाटपातून सुरू झालं. मी गप्प बसलो असतो तर ती कथा गावात कोणी वाचलीच नसती.

मित्राबद्दल आधी सांगायला हवं. पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. त्याच्या डाव्या कानात नवसाची बाळी होती आणि ती त्यानं मोठेपणीही काढली नाही. झाडावर चढणं, पोहणं, मारका बैल धरणं ही खाती त्याच्याकडे, आणि तो पोहत असताना काठावर बसून त्याचे कपडे सांभाळणं हे खातं माझ्याकडे. मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. मॅट्रिकनंतर तो शेतीला लागला, मी कॉलेजला गेलो. तरी गावी आलो की पहिला चहा त्याच्या घरी, हा नियम कधी मोडला नाही.

आता, खरं काय घडलं होतं ते. आम्ही मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळे झालो तो उन्हाळा. गावातल्या विहिरी आटल्या की बाया एका शेतातल्या विहिरीवर पाण्याला जायच्या. विहिरीचा मालक एक तिरसट म्हातारा होता. बायांना तो पाणी भरू द्यायचा, पण पोरगं काठाला दिसलं की काठी घेऊन मागं लागायचा. "इहीर काई तुमची आंघोयीची मोरी नाई," असं तो अर्ध्या शिवारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचा.

त्या उन्हाळ्यात सेलूकडची एक मुलगी मामाकडे राहायला आली होती. तिच्या हातून मामीचा पितळी गुंड दोरासकट त्या विहिरीत पडला. गुंड म्हणजे पाण्याची मोठी घागर, आणि ही तर मामीच्या माहेराहून आलेली. मामीनं तिला उभ्या गल्लीत बोलून घेतलं. मुलगी ओट्यावर बसून रडत राहिली. आम्ही दोघं समोरच होतो. मला वाईट वाटलं. त्यालाही वाईट वाटलं, पण तो उठून दोर शोधायला लागला. आमच्यात एवढाच फरक होता आणि तो पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना, आम्ही विहिरीवर गेलो. त्यानं दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि दगडांच्या खाचांत पाय रोवत खाली उतरला. पाणी छातीपर्यंत होतं. दोनदा बुडी मारून रिकामा वर आला. तिसऱ्यांदा गुंड घेऊन आला आणि खालून हसला. नेमका तेव्हाच बांधावरून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला.

मी पळालो. दोर हातातून सुटला की मी सोडला, यावर मी पुढं कित्येक वर्षं स्वतःशीच वकिली केली. दर वेळी माझाच वकील हरला. मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांच्या गंजीमागून वाकून निघालो तो थेट घरात शिरलो आणि भर उन्हाळ्यात पांघरूण घेऊन झोपलो.

इकडे म्हातारा येऊन विहिरीकाठच्या उंबराखाली बसला. बिडी पेटवली. मग त्यानं उंबराला आपल्या दोन्ही सुनांची गाऱ्हाणी सांगितली, आणि हा कार्यक्रम तासभर चालला. माझा मित्र तेवढा वेळ गुंड डोक्यावर धरून, काठाला चिकटून, छातीभर पाण्यात उभा. म्हातारा गेल्यावर तो उंबराच्या मुळ्या धरून एकटाच वर आला. दुसऱ्या दिवशी पहाटे राखेनं घासलेला गुंड मामीच्या ओट्यावर होता. मामीनं महादेवाला नारळ फोडला.

दोन वर्षांनी त्याच मुलीचं माझ्या मित्राशी लग्न झालं. घरच्यांनी ठरवलेलं, त्यात विहिरीचा काही संबंध नाही. मामीनं तोच गुंड आंदणात दिला. लग्नानंतर केव्हातरी त्यानं बायकोला सांगितलं की तो गुंड त्यानंच काढला होता. कसा, तर दोर उंबराला बांधून, एकट्यानं. माझं नावच नाही. बाहेर तर त्यानं तेवढंही सांगितलं नाही, कारण म्हातारा अजून धडधाकट होता. मी पळालो हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक कधी बोलला नाही, आणि दुसरा मी. मी नेमका लेखक झालो.

बारातेरा वर्षांनी कथा लिहायला बसलो तेव्हा हीच आठवण आधी वर आली. पहिला खर्डा मी इमानदारीनं लिहिला. त्यात विहीर होती, उंबर होता, गुंड होता, रडणारी मुलगी होती आणि पळून जाणारा ‘मी’ होता. पण त्या पळण्याच्या जागी आलो की पेन अडायचं. ‘मी’ फारच केविलवाणा दिसायचा. वाचणारे काय म्हणतील? मग एका रविवारी मी एक छोटी दुरुस्ती केली. ‘मी’ला विहिरीत उतरवलं आणि मित्राला पळवलं. काय सांगू, कथा घोड्यासारखी धावू लागली! कलेची गरज म्हणून बदल केला, असं मी पुढं सांगत असे. कलेनं बिचारीनं काही मागितलं नव्हतं.

एकदा हात मोकळा झाल्यावर मी थांबलो नाही. कथेतली मुलगी ‘मी’च्या आठवणीत झुरते आणि शेवटी काविळीनं मरते. दिवाळी अंकाला जरा दुःख लागतं असं कुणीतरी सांगितलं होतं. मित्राच्या कानातली बाळी मात्र तशीच ठेवली, कारण ती छान दिसत होती. आणि खरी गंमत म्हणजे, चौथ्यांदा कथा स्वच्छ लिहून काढेपर्यंत मला ते पाणी आठवायला लागलं होतं. पोटाला लागलेला त्याचा गारवा, दगडांवरचं शेवाळ, वर दिसणारा आभाळाचा गोल तुकडा. मी त्या विहिरीत घोटाभरही उतरलो नव्हतो, आणि तरी अंगावर काटा यायचा.

दिवाळीचे चार दिवस माझे फार सुखात गेले. पानठेल्यावर कथा मोठ्यानं वाचली गेली, तिच्या पानांवर कात-चुन्याची बोटं उमटली. माझी अपेक्षा अशी की लोक म्हणतील, वा, काय कल्पना! पण आमच्या गावानं तोवर बातमी आणि सातबारा एवढंच छापलेलं पाहिलेलं. त्यात ‘मी’ असं लिहिलेलं आणि वर माझा फोटो. कल्पना-बिल्पना कोणाच्या मनातही आली नाही. एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू इहिरीत उतरला? पटत नाई गड्या, पन छापून आलं तं मानाच लागते." दुसऱ्याला तर आठवलंच की त्या दिवशी त्यानं मला ओल्या कपड्यांत पाहिलं होतं. मी नाही म्हटलं नाही. लाजून हसलो. हे हसणं मला पुढं महागात पडलं.

उरला प्रश्न पळालेल्याचा. डाव्या कानात बाळी असलेला माझा मित्र गावात एकच होता.

सगळ्यात जास्त खवळला विहिरीचा म्हातारा. आता तो सत्तरीपलीकडे गेला होता, पण आवाज तोच. आपल्या विहिरीत पोरगं उतरलं, आपण वर बसून सुनांची गाऱ्हाणी सांगितली आणि खालून कुणीतरी ती ऐकली, हे त्याला चौदा वर्षांनी पानठेल्यावर कळलं! "अन् तो बायीवाला पयाला म्हंते," असं तो ज्याला-त्याला सांगत सुटला. आमच्याकडं ‘ळ’चा ‘य’ होतो; बायी म्हणजे बाळी.

हे मला संक्रांतीला गेलो तेव्हा समजलं. नेहमीप्रमाणे मित्राच्या घरी चहाला गेलो. मी दारातून आत शिरलो आणि तो मागच्या दारानं गोठ्यात गेला. चहा वहिनींनी दिला.

"भाऊजी, एक इचारू?" त्या म्हणाल्या. "मले मारलं ते मारलं, पन काविळीनं काऊन? अन् ते बी तुमच्यासाठी झुरून झुरून?"

"वहिनी, ती कथा आहे. कथेतली मुलगी वेगळी."

"वेगळी कशी? गुंड तं माह्याच मामीचा हाय." त्या हसत होत्या, पण पूर्ण हसत नव्हत्या. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगा. काढला कोनी?"

"त्यानंच काढला. मी शपथेवर सांगतो."

त्यांची मुलगी तिथंच अभ्यास करत बसली होती. तेव्हा ती पाचवीत असेल. हुशार पोरगी, शाळेतला अंक तिनं दोनदा वाचला होता. ती म्हणाली, "काका, बाबाले बरं वाटावं म्हनून तुमी असं सांगता ना?"

मी तिला समजावलं की कथेत मनातलं लिहितात, ते खरं नसतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पन काका, इहीर खरी हाय, उंबर खरा हाय, गुंड तं आमच्याच घरात हाय. मंग पयालेलाच कसा खोटा?"

मी मराठीचा पदवीधर. मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

वर्ध्याला परत आल्यावर मी संपादकांना पत्र लिहिलं की माझ्या कथेत वस्तुस्थितीची एक गंभीर चूक राहिली आहे, कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. त्यांचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती: ‘कथेला शुद्धिपत्र नसते.’ खाली सही. मी ते कार्ड रागानं फाडलं आणि मग जोडून पुन्हा वाचलं. माणूस बरोबर बोलत होता, म्हणून जास्त राग आला.

होळीला गेलो, अक्षय तृतीयेला गेलो. तो बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. आमच्याकडं भांडण झालं की निदान एकमेकांच्या सात पिढ्या तरी निघतात, तेवढाच संवाद. हा नुसता उठून जायचा. मला वर्ध्याला काम सुचेना. फाइलीवर चुकीचे शिक्के मारले, साहेबांची बोलणी खाल्ली. नवीन कथा लिहायला बसावं तर प्रत्येक ‘मी’ विहिरीच्या काठावर येऊन उभा राहायचा.

मग श्रावण सरत आला असताना भावाचं पत्र आलं. नेहमीच्या खुशालीनंतर शेवटी लिहिलं होतं: यंदा तुझा दोस्त पोळ्यात जोडी आणणार नाही. म्हाताऱ्यानं त्याच्यावर झडती बांधली आहे.

आमच्याकडच्या पोळ्यात झडती काय करते, ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी गावातल्या सगळ्या बैलजोड्या झुली आणि बाशिंगं घालून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. तोरण तुटायच्या आधी लोक यमक जुळवलेल्या ओळी ओरडून म्हणतात, त्या झडत्या. महादेवाच्या नावानं सुरू होतात आणि बघता बघता गावावर येतात. वर्षभरात कोणी काय माती खाल्ली ते तिथं निघतं. कोणी रागवायचं नाही, असा दंडक. म्हातारा आमच्या गावचा झडतीचा बादशहा होता. त्याची झडती एकदा एखाद्याला चिकटली की नातवंडांपर्यंत पुरायची. आणि जोडी पोळ्यात न आणणं म्हणजे घरचं लग्न दार लावून करण्यासारखं. माझ्या मित्राची जोडी तर गावात पहिली होती. वर्षभर तो या एका संध्याकाळसाठी तिला खाऊ-पिऊ घालायचा.

मी रजा टाकली आणि पोळ्याच्या सकाळी त्याच्या गोठ्यात जाऊन उभा राहिलो. तो बैलाच्या शिंगाला बेगड लावत होता. बैल सजवायचे, पण दावणीलाच ठेवायचे, असं त्यानं ठरवलं होतं.

"काऊन आला?" तो म्हणाला. दहा महिन्यांतले पहिले शब्द.

"जोडी आण तोरणाखाली."

"माही जोडी माह्या दावनीलेच बरी."

"अरे, म्हातारा म्हणून म्हणून काय म्हणेल?"

"म्हाताऱ्याचं मले काई नाई." त्यानं बेगडाची चिंधी खाली ठेवली. "तुह्या कथेचं बी नाई. पन पोरीनं मले इचारलं, बाबा, तुमी खरंच पयालते का? मी म्हटलं, नाई. तं ती म्हने, मंग काका खोटं लिवतीन का? आता सांग, तिले काय सांगू? तू खोटा हायेस असं सांगू?" बैलाच्या शिंगावरून हात फिरवत म्हणाला, "तोंडातून निंघालंच नाई माह्या."

मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. चौदा वर्षं त्यानं मला झाकलं होतं, आणि मी त्याला उघडं पाडल्यावरही तो मला झाकतच होता, तेही स्वतःच्या पोरीसमोर. बोलण्यात मी नेहमीच घोळ करतो. घरी गेलो, भावाच्या माडीवर दार लावून बसलो आणि आयुष्यातली पहिली कविता लिहिली.

संध्याकाळी तोरणाखाली जोड्या लागल्या. भावाच्या जोडीचा कासरा मी मागून घेतला होता. बैलांना माझा हात नवा, ते माझ्याकडं संशयानं बघत होते. गाव सगळं जमलेलं, डफडं वाजत होतं. मित्राची जागा रिकामी होती. त्याची मुलगी मात्र मैत्रिणींबरोबर पुढंच उभी होती. दोन-तीन झडत्या झाल्या, हशा झाला. मग म्हाताऱ्यानं फेटा सारखा केला आणि घसा खाकरला. मी आधीच ओरडलो.

"इहीर होती खोल अन् पानी होतं गार,
दोस्त उतरला खाली, मी वरून पसार!
भेलो मी, पयालो मी, दोर देल्ला सोडून,
कथेमंदी मर्द झालो नाव त्याचं खोडून!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" हे गाव सवयीनं म्हणालं. मग डफडं थांबलं. इतकी माणसं आणि एवढी जनावरं एका वेळी गप्प झालेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. फोटोतला तो हनुवटीखाली मूठ ठेवणारा माणूस मला तेव्हा आठवला आणि त्याला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं.

मग पहिल्यांदा कोण हसलं कोण जाणे, पण सगळं गाव हसायला लागलं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पानठेलेवाला म्हणाला, "म्हनूनच मले पटत नव्हतं!" म्हातारा तेवढा हसला नाही. त्याची महिनाभर घोटलेली झडती वाया गेली होती. पण बादशहाच तो. डोळे मिटले, काठी आपटली आणि उभ्या उभ्या नवीन बांधली:

"कागदावर वाघ झाला, बांधावर ससा,
इहिरीवून पयाला तो लेखक झाला कसा!"

ती मला अजून चिकटलेली आहे. गावात माझी ओळख करून देताना लोक आधी ती म्हणतात, मग नोकरी सांगतात.

या हशात मित्राची मुलगी कुठं दिसेना. ती घराकडं पळाली होती. म्हाताऱ्यानं तोरण तोडायचा इशारा करायला हात वर केला, पण भाऊ म्हणाला, "थांबा जरासे." आणि गाव थांबलं. थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाला घुंगरं वाजली. माझा मित्र त्याची जोडी घेऊन आला. पुढं त्याची मुलगी, एका बैलाचा कासरा तिच्या हातात. लोकांनी वाट दिली. तो आपल्या रिकाम्या जागेवर येऊन उभा राहिला. माझ्याकडं बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. तोरण तुटलं आणि जोड्या धावत घराकडं सुटल्या. माझ्या हातचे बैल मला ओढत घेऊन गेले.

जेवायला मला त्याच्याच घरून बोलावणं आलं. पुरणपोळी, वर तूप. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "आता पुढच्या दिवायीले मले जित्ती करा म्हंजे झालं." मी कबूल केलं. मित्र खाली मान घालून जेवत होता. मुलीचं जेवणात लक्ष नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "काका पयाले तवा तुमाले राग नाई आला?"

"आलता ना. लय आलता." त्यानं घास संपवला. "मी ठरवलं होतं, याच्याशी बोलाचंच नाई. पन दुसऱ्या दिवशी सकायीच हा आमच्या घरी आला. आंगनात बसला. काई बोलेना. मायनं भाकर देल्ली, तं म्हने भूक नाई. दुसऱ्या दिवशी बी तसंच. चार दिवस रोज येऊन राह्यला अन् भाकर तशीच ठेवून जाऊन राह्यला. पाचव्या दिवशी मीच भाकर मोडली अन् अर्धी याच्या हातात देल्ली. मंग खाल्ली यानं. तवाच मिटलं ते."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. ज्या पाण्यात मी उतरलो नव्हतो त्याचा गारवा मला पाठ होता, आणि हे चार दिवस माझ्या डोक्यातून साफ गेले होते. त्या पळून गेलेल्या मुलाची मला इतकी लाज वाटत होती की मी त्याच्या जागी दुसराच उभा केला. तो दुसऱ्या दिवशी परत गेला होता, हे मला कळलंच नव्हतं. डोळे भरून आले ते मी कोणापासून लपवले नाहीत.

"हे लिहू का?" मी विचारलं.

"लिव ना. पन छापाच्या पयले मले वाचून दाखवजो."

म्हणून हे सगळं लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवायला रोहण्याला गेलो. तो खाटेवर बसून शेवटपर्यंत ऐकत होता. वहिनी जिवंत आहेत, विहिरीत तोच उतरला आहे, पळालो मीच आहे, सगळं जागच्या जागी. वाचून झाल्यावर मी विचारलं, "काही चुकलं?"

"एक चुकलं," तो म्हणाला. "भाकर अर्धी नव्हती. मोठा कुटका तुले देलता."